कातळावरचं अंथरूण

मॅट विकत घ्यायची तर ती आधी पाठीखाली घालून बघायला हवी, एवढंच वैशालीचं म्हणणं होतं. त्यात दीपेशला लाज वाटण्यासारखं काय होतं, ते तिला अजूनही कळलेलं नाही.

दीपेश तिच्या थोरल्या दिराचा मुलगा. त्याची आई लवकर गेली, म्हणून लहानपणी तो निम्मा काळ वैशालीकडेच जेवला आणि तिच्याच गोधडीत निजला. पुढे मुंबईला गेला, कुरिअरच्या ऑफिसात चिकटला, आणि लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली तेव्हा परत आला तो डोक्यात एक धंदा घेऊनच. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर डोंगरात त्यांची वाडी, आणि वाडीच्याही वर कातळाचा उघडा सडा. तिथून पहाटे महाबळेश्वरच्या बाजूचे डोंगर एकामागे एक उलगडताना दिसतात आणि संध्याकाळी कशेडी घाटाच्या अंगाला ट्रकांचे दिवे लागतात. दिवाळी झाली, भात खळ्यावरून घरात आलं की दीपेश त्या सड्यावर तंबू ठोकायचा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं यायची, चुलीवरचं जेवायची, एक रात्र राहायची, सूर्योदयाचे फोटो काढून परत जायची. स्वयंपाक वैशाली आणि शेजारची चंद्रभागा करायच्या; वैशाली तिला आक्का म्हणायची. पाणी, लाकडं, भांडी वर चढवायचं काम चंद्रभागेचा नवरा चांगू करायचा.

धंदा चालला होता, नाही असं नाही. पण गेल्या वर्षी एका पाहुणीनं मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की जेवण उत्तम, जागा सुंदर, मात्र रात्रभर पाठीला दगड टोचत होते. दीपेशच्या त्या जुन्या निळ्या मॅटा होत्याच तशा. पापडासारख्या पातळ. ते वाचल्यापासून त्याचा जीव खाली-वर होत होता. या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी नव्या मॅटा घ्यायच्याच, असं त्यानं ठरवलं आणि वैशालीला म्हणाला, "काकी, तू पण चल महाडला. ठेवायच्या तुझ्याच माळ्यावर, उन्हात घालायच्या तुलाच. तुला पटलं पायजे."

हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. तिनं धुवट पातळ नेसलं, केसाला तेल लावलं आणि पोलादपूरवरून एस.टी. धरून दोघं महाडला गेली.

बाजारपेठेतलं ओंकारशेठचं दुकान खरं तर गाद्या-उश्यांचं. पण रायगडला जाणारी माणसं महाडवरूनच जातात, आणि निघाल्यावर कुणाला दोरी आठवते, कुणाला बॅटरी, कुणाला अंथरूण. म्हणून शेठनं एका कोपऱ्यात तंबू, सॅक, मॅटा असलं सामानही ठेवायला सुरुवात केली होती. त्यानं तीन प्रकारच्या मॅटा काढून फरशीवर पसरल्या. एक पातळ गुंडाळीची, जुनीसारखीच, फक्त रंग वेगळा. एक हवा भरून फुगवायची. आणि तिसरी जाड फोमची, अंड्यांच्या ट्रेला असतात तसे उंचवटे असलेली, एका बाजूनं चांदीसारखी चकचकीत. तिची गुंडाळी होत नव्हती, पंख्यासारखी मागं-पुढं घडी व्हायची.

"ही फुगवायची बेस्ट," दीपेश म्हणाला. "एवढीशी होते. फोटोत पण भारी दिसते."

"भारी आहेच," शेठ म्हणाला. "फक्त खाली काटा नको. तशी पंक्चर झाली तर ठिगळ येतं सोबत."

वैशालीच्या डोळ्यांपुढे सड्याच्या कडेची करवंदीची जाळी आली. वारा सुटला की तिचे सुके काटे कातळावर कुठेही उडत येतात. दर सोमवारी आपण दारात बसून ठिगळं लावतोय, असंही तिला दिसलं. तिनं मान हलवली आणि जाड मॅटेवर हात दाबून पाहिला. मग कोपर दाबून पाहिलं. तेवढ्यानं समाधान होईना, तशी पदर सावरून ती सरळ मॅटेवर आडवी झाली.

"काकी, ऊठ ना," दीपेश खालच्या आवाजात म्हणाला. "लोक बघतात."

"बघू दे. निजायचीच वस्तू हाय ना ती?"

ती कुशीवर वळली. शेजारच्या पातळ मॅटेवर तशीच वळून बघितलं, तेव्हा कमरेचं हाड थेट फरशीला लागलं. जाड मॅटेवर परत आली, तिथे लागलं नाही. फरशीचा गारवाही वर आला नाही. दुकानात आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण त्यातली एक लगेच म्हणाली, "कशी हाय गो? माझ्या सासऱ्यांना बरी पडंल का?"

"पावसात भिजली तर?" वैशालीनं पडल्या-पडल्याच शेठला विचारलं.

ओंकारशेठ हसला. भिंतीवर त्याच्या छातीच्या उंचीला एक मळकट रेघ होती, तिकडे त्यानं बोट केलं. "एकवीसच्या पुरात पाणी इथपर्यंत होतं, वहिनी. कापसाच्या गाद्या सगळ्या फेकाव्या लागल्या. हा फोमचा माल मात्र वर तरंगत होता. चिखल धुतला, वाळवला, जशाच्या तसा. हा फोम पाणी पीत नाही. चकचकीत बाजू वर ठेवायची, म्हणजे अंगाची ऊब अंगालाच राहते."

वैशाली उठली, निऱ्या नीट केल्या आणि दीपेशला म्हणाली, "हीच घे."

दीपेशलाही ते पटलं. त्यानं शेठशी घासाघीस केली, पाहुण्यांपुरत्या मॅटा बाजूला काढायला सांगितल्या. शेठचा माणूस गठ्ठे बांधायला लागला. वैशाली ते बघत होती. गठ्ठा बांधून झाला तशी ती म्हणाली, "आणि आमच्या तिघांच्या?"

"कुणाच्या?"

"माझी, आक्काची, चांगूदादाची."

दीपेशला आधी कळलंच नाही. मग तो मोकळेपणानं हसला. चिडला असता, पैसे नाहीत म्हणाला असता, तर तिला इतकं लागलं नसतं. "आपल्याला कशाला गो काकी? आपण गाववाले. आपल्याला सवय हाय."

शेठही हसला. "खरं आहे. गावची हाडं."

 परक्याच्या दुकानात आपल्या पोराचं तोंड उतरवायचं नाही, एवढं भान वैशालीला होतं. पण एस.टी.त खिडकीशी बसल्यावर तो एकच शब्द तिच्या मनातून जाईना. सवय.

कसली सवय? तिच्या घरात कोण दगडावर निजत होतं? शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर चटई, चटईवर जाड गोधडी, पांघरायला घोंगडी. दार लावलेलं, पलीकडे चुलीची धग. पोर आजारी असलं तर दोन गोधड्या. तिचा सासरा खळ्यावर भात राखायला निजायचा, तोही हातभर पेंढा पसरून. जन्मात कुणी उघड्या कातळावर अंग टाकलं नव्हतं. ते पहिल्यांदा टाकलं ते दीपेशच्या कॅम्पवर.

गेल्या वर्षी पहिल्या खेपेला चांगूनं स्वतःच पेंढ्याचे दोन भारे वर नेले होते. तिघांनी तो चुलीच्या आडोशाला पसरला. दुसऱ्या दिवशी दीपेशनं तो उचलायला लावला. फोटोत कचरा दिसतो, शिवाय चूल जवळ, ठिणगी उडाली तर. त्याच्या बदल्यात त्यानं एक जुना फ्लेक्सचा बॅनर दिला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. छापलेली बाजू खाली करून त्याच्यावर एक चादर, आणि अंगावर घरून नेलेली घोंगडी. सगळा सीझन तिघं त्याच्यावर निजली. पौषात वारा सुटायचा तेव्हा कातळ खालून असा गार व्हायचा की घोंगडीची ऊब पाठीपर्यंत पोचायचीच नाही. सकाळी चंद्रभागेला उठता यायचं नाही. ती आधी गुडघ्यावर यायची, मग तंबूची काठी धरायची, मग चांगू तिला काखेतून उचलायचा. हे सगळं पाहुणे उठायच्या आत, कारण उजाडताना त्यांच्या हातात चहा हवा. होळीपर्यंत तिची कंबर इतकी धरली की पोलादपूरला जाऊन इंजेक्शनं घ्यावी लागली. डॉक्टरनं विचारलं, ओझं उचललंत का. चंद्रभागा म्हणाली, व्हय, उचललं असंल. दगडावर निजले असं सांगायची तिला लाज वाटली.

वाडीत पोचल्यावर मॅटा माळ्यावर चढवून झाल्या. दीपेश चहा पिऊन निघाला, तसं वैशालीनं त्याला दारातच थांबवलं.

"दीपेश, एक सांग. तू लहान व्हतास तवा मी तुला कशावर निजवत व्हते?"

"आता हे काय मधीच?"

"सांग ना."

"गोधडीवर."

"मग मला दगडाची सवय कधी झाली रे?"

दीपेशनं कपाळाला हात लावला. "काकी, तू ते मनाला लावून घेतलंस? आगो, बजेट टाइट हाय. क्लायंट नाराज झाला तर धंदा बसतो. आपल्या घरच्या माणसांनी थोडं अॅडजस्ट करायचं की नाय? पुढच्या सीझनला बघू."

"आक्का घरची नाय. चांगूदादा घरचा नाय."

"ते काय बोलतात का? तूच एकटी टेन्शन घेतेस."

ते खरं होतं. बोलत कुणीच नव्हतं. वैशालीनं रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला फोन लावला. किशोर घाटकोपरला एका सोसायटीत वॉचमन होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे गो. आपलाच पोरगा हाय. दोन पैसे कमावतोय तर कमावू दे."

"तुमच्या सोसायटीत तुमाला खुर्ची हाय का नाय?"

"हाय की."

"का दिली? तुमाला तर उभं राह्यची सवय हाय."

किशोरनं विषय बदलला. मग त्यानं भाताचं विचारलं, गाय व्याली का ते विचारलं. वैशालीनं उत्तरं दिली आणि फोन ठेवला. तिचा राग आता दीपेशवरच राहिला नव्हता. नवऱ्याच्या त्या 'जाऊ दे'वर होता, चंद्रभागेच्या गप्प बसण्यावर होता, आणि आपणही गेला सीझनभर त्या बॅनरवर मुकाट्यानं निजलो, त्यावर तर होताच.

पहिला कॅम्प डिसेंबरात लागला. चांगली थंडी पडली होती. दुपारपासून वैशाली आणि चंद्रभागा चुलीशी होत्या. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, एकीकडे कोंबडीचा रस्सा. पाहुणे चढून आले, तंबूत शिरले आणि पहिल्यांदा मॅटांवरच पडले. "अरे, किती छान आहेत या," असं एका तंबूतून ऐकू आलं. दीपेश खूश होता. त्यानं घड्या कशा उलगडायच्या, चकचकीत बाजू वर कशी ठेवायची ते सगळ्यांना दाखवलं. बसून अंग मोकळं करायचं, चांदणं बघायचं तर मॅट बाहेर आणून टाका म्हणाला. ओंकारशेठनं सांगितलेलं त्यानं शब्दन् शब्द लक्षात ठेवलं होतं.

सूर्य कलला तशी त्यातली एक मुलगी चुलीपाशी येऊन बसली. ऋतिका तिचं नाव. पुण्यात कुठल्याशा बँकेत होती. तिनं भाकरी थापून बघितली, ती फाटली, सगळ्या हसल्या. मग ती हात शेकत इकडे-तिकडे बघत म्हणाली, "काकू, तुमचा तंबू कुठला?"

वैशालीनं तोंड उघडायच्या आतच मागून दीपेश बोलला. तो पाण्याचा जार ठेवायला आला होता.

"नाही नाही मॅडम, ही लोकं रात्री घरी जातात. खालीच वाडी आहे ना. सकाळी परत येतात."

ते त्यानं इतकं सहज सांगितलं की क्षणभर वैशालीलाही वाटलं, आपण खरंच जातो की काय. मग तिची कानशिलं तापली. दगडावर निजवलं ते निजवलं, आता आपण तिथे निजतो हेसुद्धा यानं पुसून टाकलं. चंद्रभागेचा पीठ मळायच्या काथवटीतला हात थांबला होता. चांगू लाकडं रचत होता, त्यानं मान वर केली नाही.

वैशालीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती पूर्ण भाजू दिली, टोपलीत ठेवली, आणि मग ऋतिकाकडे बघून म्हणाली, "नाय ताई. आमी हितंच निजतो. त्या पल्याड, तो बॅनर दिसतोय ना, त्याच्यावर. मागल्या वर्षी सगळा हिवाळा निजलो."

ऋतिकानं बॅनरकडे बघितलं. चुलीभोवती असलेले आणखी दोघे-तिघे पाहुणेही तिकडे वळले.

"काकी," दीपेश हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मजाक करते ती."

"मी कशाला मजाक करू?"

"नुसत्या बॅनरवर?" ऋतिका म्हणाली. "या थंडीत? दीपेशदादा, असं कसं?" ती उठली. "काकू, तुम्ही माझी मॅट घ्या. मी मैत्रिणीबरोबर अॅडजस्ट करते."

लगेच तिच्या पाठोपाठ दुसरा एक जण म्हणाला, माझीही घ्या. माणसं मनानं वाईट नव्हती. पण वैशालीला ते ऐकून आणखीच चीड आली. म्हणजे आता मॅट मिळायची ती कुणाला दया आली म्हणून, आणि तीही एका रात्रीपुरती. आणि उद्या हीच मुलगी अवघडलेली मान घेऊन उतरायची, ते पुन्हा आपल्याच माथी.

"नको ताई," ती म्हणाली. "तुमची तुमाला राहू द्या. तुमी हक्कानं आलाय, सुखानं निजा. आमची सोय यानं करायची व्हती, तुमी नाय."

दीपेशचा चेहरा काळवंडला. तो वळून तंबूंकडे निघून गेला.

जेवणं उजेडातच उरकली. पाहुण्यांनी भरभरून वाढून घेतलं, जरा जास्तच कौतुक केलं. वैशालीनं भांडी घासली, चुलीतला विस्तव राखेखाली झाकला, सकाळच्या पोह्यांचा डबा, चहाची पावडर, साखर, सगळं एका जागी मांडून ठेवलं. मग तिनं आपली घोंगडी खांद्यावर टाकली.

"चल गो आक्का. चांगूदादा, बॅटरी घे."

"कुठं?" चंद्रभागा म्हणाली.

"घरी. दीपेशनं सगळ्यांसमोर सांगितलं ना, ही लोकं रात्री घरी जातात."

 चंद्रभागेनं चांगूकडे बघितलं. चांगू फार बोलणारा माणूस नव्हता. त्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं, बंडीच्या खिशातून बॅटरी काढली आणि पायवाटेला लागला. दोघी त्याच्या मागून.

दीपेश धावत आला तोवर ती सड्याच्या टोकाला पोचली होती. "काकी, काय लावलंय हे? सकाळी चहा कोण करणार? ते साडेपाचला उठतात."

"तू कर. सगळं काढून ठेवलंय."

"मला चूल पेटवता येते का?"

"लाकडं सुकी हायत. रात्री झाकून ठेव, नायतर दवानं भिजतील." हे मात्र तिनं खरोखर त्याच्या भल्यासाठी सांगितलं. "आमी उजाडल्यावर येतो. घरून निघून चढून यायला लागतो तेवढा वेळ लागंल."

त्या रात्री ती आपल्या घरात, आपल्या गोधडीवर निजली आणि तिला लवकर झोप लागली.

सकाळी ती तिघं वर पोचली तेव्हा ऊन सड्यावर पसरलं होतं. लाकडं झाकायची राहून गेली होती. चुलीतून धुराचा लोळ निघत होता, दीपेश डोळे पुसत फुंकर मारत होता, आणि दोन पाहुणे वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होते. सूर्योदय बिनचहाचा झाला होता. वैशालीनं ओली लाकडं बाजूला काढली, खालची सुकी काटकी घातली, आणि थोड्या वेळात चहा उकळायला लागला.  ऋतिकानं जाताना तिचा हात हातात घेतला, बाकीच्यांनीही नमस्कार केला. दीपेश त्यांना सोडायला खालपर्यंत गेला.

परत आला तो थेट वैशालीच्या दारात.

"माझी इज्जत घालवलीस काकी. परक्यांसमोर."

"आणि आमची?"

"तुमची काय गेली?"

 हा पोरगा खरंच विचारत होता. वैशालीनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"दीपेश, तू त्या दुकानात अर्धा दिवस घातलास. ह्याच्यावर हाड टोचंल का, त्याच्यावर गार लागंल का, काटा घुसंल का, भिजंल का. परक्यांच्या पाठीची इतकी काळजी केलीस. चांगलं केलंस. पण माझी पाठ पण पाठच हाय, हे तुझ्या मनात पण आलं नाय. मीच त्या मॅटेवर पडून सांगितलं तुला, हिच्यावर गार लागत नाय म्हणून. मला गार लागतं, तवाच कळलं ना मला ते? मग सवय कसली रे?"

दीपेश निघून गेला.

दोन दिवसांनी त्यानं चांगूच्या हाती तीन मॅटा पाठवल्या. वैशालीनं उलगडून बघितल्या. त्या जुन्या निळ्या होत्या, पापडासारख्या, ज्यांच्यावर पाहुण्यांना दगड टोचले होते त्याच. एकीचा कोपरा उंदरानं खाल्लेला होता. तिनं त्या तशाच गुंडाळल्या, दीपेशच्या घरी नेल्या आणि त्याच्या ओटीवर ठेवल्या. तो घरात होता. बाहेर आला नाही.

"ह्या लोकांनी टाकलेल्या," ती उघड्या दारातून म्हणाली. "आमी कॅम्पवर येणार नाय." आणि परत फिरली.

त्यानंतर बराच काळ दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. वाडीत कुणी म्हणालं, वैशालीनं एवढ्याशा गोष्टीवरून घर तोडलं. कुणी म्हणालं, पुतण्याचं बरं चाललेलं तिला बघवत नाही. ते तिच्या कानावर आलं की ती दिवसभर धुमसायची. चंद्रभागा मात्र रोज संध्याकाळी येऊन बसायची. एक दिवस ती आपणहूनच म्हणाली, "मी त्या डॉक्टरला खरं सांगायला पायजे व्हतं."  वैशालीनं तिला चहा दिला.

दीपेशनं पलीकडच्या वाडीतून बायका आणायचं ठरवलं. तिथे गेला, ओळखीच्या घरी बसला, कामाचं सांगितलं. त्या बायकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यातली म्हातारी, आनंदीबाई, म्हणाली, "रात्री निजायला काय देणार?" दीपेशनं विचारलं, हे कुणी सांगितलं. ती म्हणाली, "सांगायला कशाला पायजे? सगळ्या वाड्यांना ठाव हाय." तिथून तो उठला. आणखी एका वाडीत गेला, तिथेही पहिला प्रश्न तोच. दोन कॅम्प त्यानं पोलादपूरवरून डबे मागवून निभावले. चुलीवरचं जेवण म्हणून आलेल्या माणसांना डब्यातलं गार जेवण मिळालं. पुढचे दोन कॅम्प रद्द झाले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो आला. एकटाच, पाठीवर गठ्ठा. वैशाली अंगणात तीळ पाखडत होती. त्यानं गठ्ठा तिच्यासमोर ठेवला आणि सुतळी सोडली. जाड, अंड्यांच्या ट्रेसारख्या, चकचकीत. तीन होत्या.

"ओंकारशेठनं विचारलं, कुणासाठी," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग?"

"सांगितलं, काकीसाठी. आक्कासाठी. चांगूदादासाठी."

तिनं एक मॅट उचलली, उंचवट्यांवरून बोटं फिरवली. पाहुण्यांच्या जशा, अगदी तशाच होत्या. शोधूनही तिला खोट काढता येईना.

"आणि तंबू?" ती म्हणाली.

दीपेशनं चमकून वर बघितलं. "काकी..."

"वारा अंगावर घेऊन मॅटेवर निजू काय आमी?"

त्यानं सुतळी गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाला, "एक जादा हाय. देतो." आणि निघाला. अंगणाच्या कडेला जाऊन पुन्हा वळला. वैशालीला वाटलं, आता तो बोलेल. तेवढं एक वाक्य ऐकायची तिची तयारी होती, त्यासाठी तिनं हातातलं सूपही थांबवलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "शनिवारी पाहुणे हायत. वाल भिजत घाल."

शनिवारी ती तिघं वर गेली. स्वयंपाक झाला, पाहुणे जेवले, अंधार पडता पडता तिघांनी आपला तंबू ठोकला, पाहुण्यांच्या रांगेतच. चंद्रभागा आत गेली आणि मॅटेवर पडून बराच वेळ या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

"काय गो?" वैशालीनं विचारलं.

"लय खरखर वाजतं ह्याच्यावर."

"मग बॅनर आणू?"

चंद्रभागा हसायला लागली. चांगूनं तोंडावर घोंगडी ओढली होती, तीही हलताना दिसली. वैशालीला मात्र हसू आलं नाही. बाहेर दीपेश पाहुण्यांना चकचकीत बाजू वर ठेवायला सांगत होता. त्याचा आवाज ऐकत ती पडून राहिली. पाठीला कातळ लागत नव्हता, गारवा येत नव्हता, सगळं जसं हवं तसं होतं. तरी तिला राहून राहून वाटत होतं की हे मिळवायला पोटच्यासारख्या पोराशी महिनाभर अबोला धरावा लागला, ते काही बरोबर झालं नाही. आणि ज्याची चूक त्यानं ती अजून तोंडानं कबूल केलेली नाही.

सकाळी मात्र चंद्रभागा कुणाचा हात न धरता उठली, तंबूबाहेर आली आणि चूल पेटवायला बसली.